पैलवानाची मिनिटे मोजताना

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला काळ्या दोरीने टांगलेली ती गोल, निकेलची, काच तडकलेली वस्तू दिसते ना? तो मी. एक जुने स्टॉपवॉच. माझ्या पोटात सेल नाही. डोक्यावरची कळ फिरवून मला किल्ली द्यावी लागते. कळ दाबली की माझा काटा धावतो, पुन्हा दाबली की थांबतो आणि तिसऱ्यांदा दाबली की शून्यावर येतो. किती वाजले ते समोरच्या भिंतीवरचे घड्याळ जाणे. किती वेळ गेला, तेवढेच मला कळते.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका कारागिराने चिमट्याने माझी केसाएवढी स्प्रिंग बसवली आणि श्वास रोखून पहिल्यांदा कळ दाबली. मग एका मोठ्या घड्याळाशेजारी ठेवून माझी परीक्षा झाली. मी पास झालो आणि डबीत बसून एका शाळेत गेलो.

त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. सडपातळ, उन्हाने रापलेल्या, गळ्यात शिट्टी आणि शिट्टीच्या शेजारी मी. बाई मला कधी कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. शर्यत संपली की मुली धापा टाकत माझ्याभोवती गोळा व्हायच्या. "बाई, किती? किती आलं?" बाई मुद्दाम मला मुठीत झाकायच्या आणि म्हणायच्या, "आधी पाणी प्या." एकदा एका मुलीने शाळेचा जुना विक्रम मोडला तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर माझ्या काचेची पापी घेतली होती. तसे कौतुक मला पुन्हा मिळाले नाही. पुढे आकडे दाखवणारी नवी यंत्रे आली. बाईंनी मला घरी आणले आणि ड्रॉवरमध्ये सुईदोऱ्याशेजारी ठेवून दिले. तिथे मी कितीतरी वर्षे पडून होतो.

मला बाहेर काढले ते बाईंच्या मुलासाठी.

त्याचे नाव काहीही असो, घरात त्याला पैलवान म्हणत. जन्मला तेव्हा तो इतका गुटगुटीत होता की त्याच्या बाबांनी हे नाव ठेवले, आणि तेच चिकटले. पैलवान स्वमग्न आहे. डॉक्टर त्याला ऑटिझम म्हणतात. त्याच्याजवळ चाळीस-पन्नास शब्द होते आणि तो ते जपून वापरायचा. आज तो सत्तावीस वर्षांचा, दाराच्या चौकटीला डोके लागेल एवढा उंच आहे. पण पायाखाली मुंगी दिसली तर ती जाईपर्यंत थांबून राहणारा. एका कार्यशाळेत तो कागदी पाकिटे चिकटवायचा. त्याच्या पाकिटाची कड कधी वाकडी जायची नाही.

अकराव्या वर्षी त्याला पहिली फिट आली. डॉक्टरांनी विचारले, "किती वेळ चालली?" आई म्हणाली, "खूप वेळ." बाबा म्हणाले, "नाही, लगेच थांबली." डॉक्टर म्हणाले, "अंदाज नको. पुढच्या वेळी मोजा." त्या दुपारी आईने ड्रॉवर उघडला. तेव्हापासून मी शर्यती मोजल्या नाहीत. मी पैलवानाच्या फिट मोजल्या. बहुतेक दोन मिनिटांच्या आसपास थांबायच्या. पाच मिनिटे ओलांडली तर धोका, असे डॉक्टरांनी बजावले होते. माझ्या तबकडीवरचा पाच मिनिटांचा आकडा आईने लाल शाईने रंगवला.

सोळा वर्षे एक गुलाबी गोळी त्याला सांभाळत होती. सकाळी दोन, संध्याकाळी तीन. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी फिट यायची, तेवढे घराने अंगवळणी पाडून घेतले होते. मग पैलवानाचे हात थरथरू लागले. पाकिटाच्या कडा वाकड्या जाऊ लागल्या. रक्ततपासणी झाली तेव्हा कळले की गुलाबी गोळीने त्याच्या यकृताला त्रास द्यायला सुरुवात केली आहे.

मेंदूच्या डॉक्टरबाई नव्या होत्या. त्यांनी आधी पैलवानाकडेच वळून विचारले, "तुम्हाला काय होतंय?"

"काय होतंय," पैलवान म्हणाला.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं का."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "तो आपलंच बोलणं आपल्याला परत देतो. त्याला आतून काय वाटतं, ते आम्हाला सत्तावीस वर्षांत कळलेलं नाही."

"मग तुम्हीच माझे डोळे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळी बदलावी लागणार. पण एकदम नाही. आधी नवी हळूहळू चढवायची, ती पूर्ण झाली की मग जुनी हळूहळू उतरवायची. मधल्या काळात काहीही वेगळं दिसलं तर लगेच फोन करा. आणि फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर हा फवारा नाकात मारा आणि रुग्णवाहिका बोलवा."

बाबा लेथवर काम करायचे. लोखंडाचा तुकडा केसाच्या जाडीइतका चुकला तरी फेकून देणारा माणूस. त्यांनी मोजपट्टी घेऊन तक्ता आखला आणि फ्रिजवर लावला. कोणत्या दिवशी कोणती गोळी किती, सगळे चौकोनात. सकाळची गोळी आईने द्यायची, संध्याकाळची बाबांनी, असे ठरले.

नवी गोळी पिवळी होती. पहिल्या सकाळी पैलवानाने ती बोटाने बाजूला सारली. "ही नाही," तो म्हणाला. "ही आपली नाही."

तीन दिवस आईने हात जोडले, गाणी म्हटली, केळ्यात लपवून पाहिली. पैलवानाने केळ्यातून गोळी काढून टेबलावर ठेवली, अगदी मध्यभागी. चौथ्या दिवशी आईने मला खिळ्यावरून काढले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. "जागेवर... तयार..." ती मैदानावरच्या आवाजात म्हणाली. पैलवानाने मान वर केली. कळ दाबली, गोळी गिळली, पाणी प्यायला आणि कळ पुन्हा दाबली.

"नऊ सेकंद!" आई ओरडली. "अहो, ऐकलंत का? नऊ सेकंद!"

बाबा दाढीला साबण लावलेल्या तोंडानेच धावत आले. त्या दिवशी घर फार दिवसांनी हसले.

मित्रांनो, ते हसणे दीड महिना टिकले.

पिवळी पूर्ण मात्रेला पोचली, म्हणजे सकाळी एक आणि संध्याकाळी एक, आणि पैलवान बदलू लागला. आधी तो झोपेना. मग भिंतीवर थापा मारू लागला. स्वतःच्या मनगटाला चावू लागला. चमचा पडला, दार वाजले, कुणी खोकले, की त्याच्या अंगात कुठून तरी राग उसळायचा आणि तो रागच त्याला फरफटत न्यायचा. राग ओसरला की तो कोपऱ्यात बसून आपल्याच हातांकडे बघायचा. ते हात दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

कार्यशाळेत त्याने एका सोबत्याला ढकलले. तिथल्या बाईंचा फोन आला. "आम्हाला त्याची काळजी आहे हो, पण बाकीच्यांचीही आहे. सावरेपर्यंत घरीच राहू दे." मग दिवसभर आई आणि तो, दोघेच.

एका सकाळी आई त्याच्या केसांत कंगवा फिरवत होती. त्याने तिला झिडकारले. ती दाराच्या कडेवर आपटली. मनगटाचे हाड चिरले. पट्टा बांधून ती दवाखान्यातून आली, तेव्हा पैलवान शांत बसून तिच्यासाठी जागा करत सरकला. आई त्याच्याजवळ बसली नाही. ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरबाईंना फोन केला. तो दिवसभर घरी राहू लागल्यापासून ती मला गळ्यात घालून वावरायची.

"कसा आहे?"

"बरा आहे. फिट नाहीच एकही." आईने पट्टा बांधलेले मनगट पदराखाली घेतले. "थोडी चिडचिड आहे. चालायचंच."

"थोडी म्हणजे?"

"थोडीच."

तिने असे का सांगितले? मी तिच्या छातीशी होतो, मला तिचे ठोके ऐकू येत होते. खरे सांगितले तर ही गोळी बंद होईल आणि जुनी यकृत खात राहील, मग उरले काय, अशी भीती तिला होती. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. 'असा धडधाकट पुरुष तुम्हाला घरी झेपायचा नाही, त्याला कुठे तरी ठेवा,' असे कुणी म्हणेल का?

बाबा दारात उभे राहून ऐकत होते.

त्या संध्याकाळी सात वाजता बाबांनी तीन गुलाबी गोळ्या पैलवानाला दिल्या. पिवळी त्यांच्या मुठीतच राहिली. त्यांनी बेसिनचा नळ सोडला आणि मूठ उघडली. मग पेन घेतले आणि तक्त्यातल्या चौकोनात नेहमीसारखी सरळ खूण केली. संध्याकाळी मी पुन्हा खिळ्यावर असायचो, आणि माझा खिळा बेसिनच्या बरोबर समोर आहे. मी सगळे पाहिले.

मी त्यांना वाईट म्हणणार नाही. त्यांना दोनच दिवस थांबायचे होते. नुसते बघायचे होते की पोरगा परत येतो का. आणि तो आला! तिसऱ्या दिवशी थापा कमी झाल्या. पाचव्या दिवशी पैलवान आईच्या मांडीवर डोके ठेवून झोपला. आईचा आनंद घरात मावेना. "बघा, मानवली की नाही गोळी? मी म्हणत होते ना, अंगाला सवय होऊ द्या!" तिने डॉक्टरबाईंना कळवले. त्या म्हणाल्या, "छान. मग आता गुलाबी उतरवायला घेऊ."

पाचाच्या चार झाल्या. बाबांच्या तोंडचे पाणी पळाले.

"अगं, अजून थोडं थांबूया का?"

"का? डॉक्टर म्हणाल्यात ना."

"नाही, म्हणजे... घाई नको."

"तुम्हाला आधीपासून नकोच होता हा बदल," आई म्हणाली. "आता कुठे तो हसायला लागलाय."

बाबा फ्रिजवरच्या तक्त्याकडे वळले. सांगावे तर तिचे हसू जाते, न सांगावे तर पोराच्या जिवाशी खेळ. पिवळी पुन्हा द्यावी तर पुन्हा ते मनगट, तो नळ. दर संध्याकाळी ते बेसिनपाशी उभे राहायचे आणि दर संध्याकाळी मूठ उघडायची. आठवड्याने चाराच्या तीन झाल्या. तक्ता मात्र स्वच्छ होता. एवढा नीटनेटका खोटेपणा मी कधी पाहिला नव्हता. मला ओरडता आले असते तर! पण कुणी कळ दाबल्याशिवाय माझ्या तोंडून टिकटिकही निघत नाही.

चोविसाव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, पैलवान गॅलरीत कपडे वाळत घालायला आईला मदत करत होता. हातातला टॉवेल पडला. मग तो पडला.

आईने एका हाताने मला पकडले आणि अंगठ्याने कळ दाबली. "अहो! उशी आणा!"

बाबांनी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली, खुर्ची लांब ढकलली, त्याला कुशीवर वळवले. सोळा वर्षांची सवय. एक मिनिट. त्याचा जबडा आवळलेला, हात-पाय झटके देत होते. दोन मिनिटे. "थांबेल आता," आई म्हणाली. अडीच. "थांब रे राजा, थांब आता." तीन मिनिटे. त्याचे ओठ निळे पडू लागले. चार. आईने फवारा हातात घेतला. माझा काटा लाल आकड्याकडे निघाला. मला मागे वळता येत नाही, मित्रांनो. मला कुणी तसे घडवलेले नाही.

पाच. आईने फवारा त्याच्या नाकात मारला. बाबांनी रुग्णवाहिकेला फोन लावला, पत्ता सांगितला, मजला सांगितला. फोन फरशीवर टाकून ते पुन्हा पैलवानाला धरून बसले.

सहा मिनिटे. झटके चालूच.

"मी देत नव्हतो," बाबा म्हणाले.

"काय?"

"संध्याकाळची पिवळी. तेवीस दिवस. मी बेसिनमध्ये टाकत होतो."

आईने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिची नजर माझ्यावर होती. तिचा आवाज अगदी सपाट निघाला. "त्याची कूस सोडू नका."

आठ. दहा. अकरा. बाबा त्याला धरून होते आणि त्यांच्या डोळ्यांतले पाणी त्याच्या शर्टावर पडत होते. जिन्यावर पावले वाजली तेव्हा चौदा मिनिटे झाली होती. रुग्णवाहिकेतल्या माणसाने विचारले, "कधीपासून?" आईने मला गळ्यातून काढून त्याच्यापुढे धरले. त्याने सुई काढली. सुईसाठी पैलवानाचा हात धरायला आई वाकली, तेव्हा मी निसटलो आणि गॅलरीच्या कठड्यावर आपटलो. माझी काच तडकली ती तेव्हा. सुईनंतर झटके थांबले, पण पैलवान जागा झाला नाही.

रुग्णालयात डॉक्टरबाई धावतपळत आल्या. पैलवान आत यंत्रांना जोडलेला होता. "मला पटकन सांगा, औषध चुकलं होतं का?"

आईने बाबांसाठी उत्तर दिले नाही. बाबा उभे राहिले, वर्गात उभे केलेल्या मुलासारखे, आणि सगळे सांगितले.

"बरं झालं बोललात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाहीतर पूर्ण मात्रेवरही फिट आली असं समजून मी भलतंच काही केलं असतं." मग त्यांचे लक्ष आईच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे गेले. "हे कधीचं?"

आईने हात पदराखाली घेतला. मग पुन्हा बाहेर काढला. "महिना होत आला. त्याने ढकललं. मी तुम्हाला 'थोडी चिडचिड' म्हटलं होतं."

डॉक्टरबाई बाकावर बसल्या. त्या रागावल्या असत्या तर कदाचित सोपे गेले असते. "अहो, काही जणांना या गोळीने असा राग येतो. तो त्याचा नव्हता, गोळीचा होता. एका फोनने मी मात्रा बदलली असती." मग म्हणाल्या, "आणि मीही 'थोडी म्हणजे किती' ते खोदून विचारायला हवं होतं."

चार दिवसांनी पैलवानाने डोळे उघडले. त्याने आईला ओळखले. पण त्याचे शब्द गेले होते. चाळीस-पन्नास शब्दांतला एकही उरला नाही. आई त्याच्यापुढे केळे धरून म्हणायची, "काय हे?" तो तिचे शब्दही परत द्यायचा नाही. आधी 'काय हे' असे परत यायचे, त्याचा तिला किती कंटाळा होता! आता ती त्या दोन शब्दांसाठी तासन्‌तास बसायची.

घरी आल्यावर आईने दोन्ही वेळच्या गोळ्या स्वतःकडे घेतल्या. बाबांशी ती कामापुरते बोलायची. "दूध संपलंय." "दार लावा." सात वाजले की बाबा उठून गॅलरीत जायचे आणि कठड्याला धरून उभे राहायचे.

नवी योजना ठरली. गुलाबी थोडी परत वाढवली. पिवळी हळूहळू उतरवून बंद केली. मग तिसरी, पांढरी गोळी चढवायची आणि गुलाबी एकेक करून उतरवायची. एका महिन्यात एकच बदल. आणि डॉक्टरबाईंनी तक्ता काढायला लावला. त्याऐवजी एक वही दिली. "खुणा नकोत. जे झालं ते, जसं झालं तसं लिहा. दोघांनी लिहा. तुमचं स्वतःचंसुद्धा."

आई लिहू लागली. "सकाळी दीड मिनिटाची फिट. नंतर दोन तास झोपला." बाबा तिच्या ओळीखाली लिहायचे. "जेवला नाही. डावा हात जड वाटतो." असे कित्येक दिवस. मग एके दिवशी आईने लिहिले, "आज मला त्याचा राग आला. मी दार लावून रडले. मी थकले आहे." ती वही टेबलावर उघडी ठेवून गेली. बाबांनी ते वाचले, खुर्ची ओढली आणि खूप वेळाने खाली लिहिले, "मला रोज सात वाजता भीती वाटते. तुझं मनगट आता दुखतं का?"

दुसऱ्या दिवशी त्याखाली आईचे अक्षर होते. "थंडीत दुखतं."

मित्रांनो, सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. पांढरी गोळी त्याला सुस्त करते. फिट अजून येतात, पाच-सहा आठवड्यांनी एखादी. कार्यशाळेने त्याला आठवड्यातून तीन दिवस परत घेतले. शब्द सात-आठच आले आहेत. पुढच्या महिन्यात गुलाबी आणखी एकाने उतरवायची आहे, आणि त्या विचाराने दोघांचा जीव टांगणीला लागलेला असतो.

पण गेल्या आठवड्यात आईला ताप भरला. सात वाजायला आले. बाबा सवयीने गॅलरीकडे निघाले. पलंगावरून आई म्हणाली, "अहो, आजची तुम्ही द्या."

बाबांनी हात धुतले. डब्यातून गोळ्या काढून तळहातावर ठेवल्या आणि आईजवळ जाऊन तो हात तिच्यापुढे धरला. तिने मोजल्या. "दाखवायची गरज नव्हती," ती म्हणाली. "आहे," बाबा म्हणाले. त्यांनी पैलवानाला एकेक गोळी दिली. पैलवान पाणी प्यायला, पेला खाली ठेवला आणि कपाळावर हात नेऊन म्हणाला, "जड."

आपल्या आत काय वाटते, ते त्याने आजवर कधी सांगितले नव्हते.

"काय जड, राजा? डोकं?" आई उठून बसली.

"डोकं जड," पैलवान म्हणाला. आईचे शब्द परत द्यायचे असते तर तो नुसते 'डोकं' म्हणाला असता. बाबांनी वही उघडली आणि ते दोन शब्द लिहिले. मग डॉक्टरबाईंना फोन लावला.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. मिनिटाला दोन सेकंद मागे पडतो, म्हणून मोजायचे काम बाबांचा फोन करतो, आणि ते योग्यच आहे. तुमच्याकडे माझे मागणे आहे. रस्त्यात, वर्गात, कुणाला फिट आली तर गर्दी करू नका, हसू नका. त्याच्या तोंडात काही घालू नका. डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, वेळ बघा आणि मोठ्या माणसाला हाक मारा. घरात कुणाची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने थांबवू नका. त्रास झाला तर तो लाजेने लहान करून सांगू नका.

आणि अशा घरात गेलात तर तिथल्या आईला, बाबांना "सगळं ठीक ना?" असे दारातूनच विचारू नका. त्यावर ते "हो" म्हणतात. आत जा, बसा आणि विचारा, "काल काय झालं?" सांगायला त्यांना वेळ लागेल. लागू द्या. तो मात्र मोजू नका.